चक्रीवरचा मेंढा

मी एक जुना मेंढा आहे, पण आयुष्यात गवताची एक काडीही मी चघळलेली नाही. मी पत्र्याचा आहे. बदनापूरजवळ रस्त्याला लागून साग आणि कडुनिंबाच्या झाडीत एक वनबाग आहे. तिथे लहान मुलांना बसवून गोल फिरणारी एक चक्री आहे, आणि त्या चक्रीवर पाच घोड्यांच्या मागे मी उभा असतो. मित्रांनो, घोड्यांची कहाणी तुम्हाला कधीही ऐकता येईल, त्यांना स्वतःबद्दल बोलायची भारी हौस. आज माझी ऐका.

खरे सांगायचे तर मी घोडाच होणार होतो. जालन्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात बुद्धभूषण नावाच्या कारागिराकडे सहा घोड्यांचे काम आले होते. पाच घोडे ऐटीत उभे राहिले आणि सहाव्याला पत्रा कमी पडला. धड झाले, पाय झाले, पण उंच मानेपुरता पत्रा काही उरेना. बुद्धभूषणने चहा मागवला आणि माझ्याकडे बघत बसला. नेमका त्याच वेळी दुकानासमोरून मेंढरांचा कळप चालला होता. रस्ता अडला, गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, पण कळपाच्या पुढचा मेंढा कोणाला भीक न घालता रमतगमत चालला होता. बुद्धभूषण कप खाली ठेवून उठला. उरलेल्या पाइपचे दोन तुकडे वाकवून त्याने मला वळणदार शिंगे लावली, मान आखूडच ठेवली आणि अंगभर वेल्डिंगचे ठिपके देऊन लोकर उठवली.

"घोडे तं सगळेच करत्यात," तो मालाच्या टेम्पोवाल्याला म्हणाला. "हा माझा हाये."

त्या शब्दांनी मला जो ताठा आला, तो आजवर गेलेला नाही. पण नुसत्या ताठ्याने पोट भरत नाही, हे बागेत आल्यावर कळले.

मुले यायची ती थेट घोड्यांकडे धावायची. पांढऱ्या घोड्यासाठी तर मारामाऱ्या व्हायच्या. माझ्यापाशी येऊन ती थबकायची. कोणी मला कुत्रा म्हटले, कोणी बकरा. शाळेच्या सहलीतल्या एका मुलाने माझी शिंगे निरखून "सर, ही गोगलगाय आहे का?" असे विचारले, आणि सरांनीही जरा विचार केला. माझ्या पाठीवर मुलांऐवजी डब्यांच्या पिशव्या बसल्या, पाण्याच्या बाटल्या बसल्या, आणि एकदा एका गृहस्थाने आपला ओला टॉवेलही वाळत घातला. मधल्या काळात बाग बरेच दिवस बंद होती. तेव्हा माझ्या शिंगाच्या वळणात एका बुलबुलाने घरटे केले होते. त्या पिलांनी मला नावे ठेवली नाहीत, एवढे मात्र खरे.

चक्री चालवणारा संपत माझ्याशी बरा वागायचा. घोड्यांबरोबर मलाही रंगाचा हात द्यायचा. पण एका रविवारी सकाळी तो वंगण घालता घालता माझ्यापाशी रेंगाळला. तिकिटाच्या खोलीमागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले काहीतरी मोठे हिरवे येऊन पडले होते. प्लास्टिक एका जागी फाटले होते आणि त्यातून एक डोळा आणि पुष्कळसे दात दिसत होते.

"मालकानं डायनासोर आनलाय," संपत म्हणाला. "तुझ्यावर कोनी बसत न्हाई, मी तरी काय करू? उद्या बाग बंद ऱ्हाती. उद्या तुला खोलतो, गड्या."

मित्रांनो, खोलल्यावर पत्र्याचे काय होते ते मला माहीत होते. ते भंगारात जाते. माझ्याकडे एकच दिवस उरला होता. आज तरी एखादे मूल आपण होऊन माझ्या पाठीवर बसावे, एवढीच माझी इच्छा होती. एकदाही कामाला न येता भंगारात जायचे, हे माझ्या ताठ्याला काही झेपेना.

दुपारपर्यंत माझ्यावर दोन पिशव्या आणि एक छत्री बसली.

मग जाफराबादकडची एक जीप फाटकाशी थांबली. परमेश्वर नावाचा गडी एरवी त्या जिपेत सवाऱ्या भरून जालन्याला ने-आण करायचा. आज त्याने घरचीच माणसे भरली होती: बायको अंजू, आठ वर्षांचा गोरख, पाच वर्षांची छकुली आणि म्हातारा-म्हातारी. वाटेत लोकांनी हात केले की पोरे खिडकीतून ओरडत आली होती, "आज घरचीच सवारी हाये."

म्हातारी बायनाबाई फाटकातच अडून बसली होती. "झाडं पाह्याला तिकीट? सारा जन्म झाडाखालीच गेला की माझा." तिचे म्हणणे खोटे नव्हते. हे घराणे मेंढरांमागे हिंडणारे. गेल्या वर्षी आजोबांचे, म्हणजे धुळाजींचे, गुडघे बोलायला लागले, तेव्हा कळप वाटूरकडच्या मेहुण्याकडे दिला होता. छकुली चालायला शिकली तीच कोकरांच्या मागे. कळप गेल्यापासून रोज दिवस मावळला की ती दारात उभी राहून विचारायची, "मेंढरं कव्हा येतीन?" ती हसावी, रमावी म्हणूनच तर परमेश्वरने हा दिवस काढला होता.

कडुनिंबाखाली त्यांच्या भाकरी सुटल्या. ठेचा झाला, वांग्याची भाजी झाली, घसरगुंडीवर गोरखची चड्डी घासून झाली. छकुली मात्र आजीच्या पदराला धरूनच होती. झोका नको, घसरगुंडी नको. शेवटी सगळी वरात चक्रीकडे आली. गोरखने पळत जाऊन पांढरा घोडा पटकावला. छकुली माझ्यासमोर आली आणि थबकली. मी मनाशी म्हटले, आता ही कुत्रा म्हणणार की बकरा?

"आज्जी," ती म्हणाली, "मेंढा."

कुत्रा नाही, बकरा नाही, गोगलगाय नाही. इतक्या वर्षांत मला कोणीतरी पहिल्यांदा ओळखले होते. ती पाय टाकून माझ्या पाठीवर चढू लागली. मला आकाश ठेंगणे झाले, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"छकुले, खाली उतर. बिलकुल बसायचं न्हाई."

संपत चक्रीच्या बटणापाशी उभा होता. तो चकित झाला. "आज्जी, बसू द्या की. बसायसाठीच हाये तो."

"घोड्यावर बसवा तिला. मेंढ्यावर न्हाई." बायनाबाईने नातीला काखेत धरून खाली घेतले. "ज्याच्या जिवावर आपलं पोट भरलं, त्याच्याच पाठीवर बसायचं?"

"माय, पत्र्याचा हाये तो," परमेश्वर म्हणाला.

"मंग? देवळातला देव कशाचा असतो?"

हातातोंडाशी आलेला घास असा गेला, मित्रांनो. ज्यांना मी कळलो नाही ते माझ्यावर बसत नव्हते, आणि ज्यांना कळलो ते बसू देत नव्हते. मला त्या म्हातारीचा राग आला. आणि खरे सांगतो, तिच्याइतका मान मला आजवर कोणी दिला नव्हता, म्हणून तो राग धड टिकेनाही.

छकुली रडली नाही. ती चक्रीच्या फळीवर फतकल मारून बसली आणि तिने माझा पुढचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"ये बरं बाई, हा तांबडा घोडा पाह्य," अंजूने समजावले. "दादा कसा बसला शहान्यासारखा."

"मेंढ्यावरच."

घोड्यांवरची पोरे चक्री चालू करा म्हणून कालवा करू लागली. संपत डोके खाजवत म्हणाला, "आज्जी, जल्दी ठरवा. पोरं खोळंबून राह्यली."

धुळाजी बाजूच्या ओट्यावर गुडघे चोळत बसले होते. आता ते गालातल्या गालात हसले.

"आगं, केळना नदीच्या वाळूत काय झाल्तं, सांगू का पोरीला?"

"काय झाल्तं?" बायनाबाई गुरकावली, पण तिचा आवाज जरासा उतरला होता.

"लगीन होऊन आल्ती त्या साली," धुळाजी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगू लागले. "म्या नदीवर मेंढरं पाजून राह्यल्तो. हिनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् बसली की मोठ्या शिंगाड्या मेंढ्यावर. म्या बाभळीआडून पाहून राह्यल्तो. तो चार पावलं गेला अन् दिलं हिला वाळूत फेकून."

"फेकलं न्हाई. म्या उतरले."

"तोंडावर उतरली."

परमेश्वर हसला, संपत हसला, अंजू सासूसमोर हसू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिली. बायनाबाईचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांनी चोरी पकडली गेली होती, तीही नातवंडांसमोर.

"अन् म्या काही तशीच बसले न्हवते," ती घाईघाईने म्हणाली. "कानात इचारलं होतं त्याला. इचारून बसले होते."

छकुलीने माझा पाय सोडला आणि ती उठून उभी राहिली.

"मंग मी बी इचारते."

आपल्याच तोंडाने आपण अडकलो, हे बायनाबाईला उमगले असावे. तिने एकदा नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मग तिने कनवटीची एक छोटी पुडी काढली. त्यात भंडारा होता, देवाची पिवळीधमक हळद. तिने चिमूटभर घेऊन माझ्या कपाळावर लावला आणि उरलेला माझ्या शिंगांना पुसला. तिचे बोट राकट होते, पण माझ्या कपाळावर ते अगदी हळू फिरले. जन्मभर मेंढरांना कुरवाळलेला हात होता तो. कळप गेल्यापासून त्या हातालाही करमत नसावे.

"आधी चपला काढ," ती नातीला म्हणाली.

छकुलीने चपला काढल्या. माझ्या कानापाशी तोंड आणले आणि हळूच विचारले, "बसू का रे?"

आणि ती थांबली.

पोरांचा कालवा आपोआप कमी झाला. संपतचा हात बटणावरच राहिला. छकुली डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तो काय बोलतो का?" गोरख पांढऱ्या घोड्यावरून म्हणाला.

"गप. तो इचार करून राह्यला."

मी विचार करत नव्हतो, मित्रांनो. मला हुंदका आला असता, पण पत्र्याला तो देता येत नाही. इतकी माणसे आली, इतक्या पिशव्या ठेवल्या, टॉवेल वाळत घातला, पण मला कोणी कधी विचारले नव्हते.

"हं म्हनला," छकुलीने जाहीर केले आणि ती माझ्या पाठीवर बसली.

संपतने बटण दाबले. माझा दांडा पहिल्या फेरीला जोरात करकरला, कारण त्याला वजनाची सवयच नव्हती. बायनाबाई मात्र माझे शिंग सोडेना. ती चक्रीच्या कडेकडेने, कळपाच्या मेंढ्याला वाटेवर धरून न्यावे तशी माझ्याबरोबर चालू लागली.

"आज्जी, बाजूला व्हा, लागंन," संपत ओरडला.

"त्याला एकट्याला कसं सोडू?" तिने चालता चालता उत्तर दिले. शेवटी संपतनेच चक्री बैलगाडीच्या चालीने चालवली. घोड्यांवरची पोरे कुरकुरली, पण वर छकुली खिदळत होती आणि खाली म्हातारी तोंडाने "हुर्र, हुर्र" करत चालली होती. परमेश्वर मोबाइल काढून फोटो घ्यायला गेला आणि नुसताच बघत उभा राहिला. पोरीचे असे हसणे त्याने बरेच महिने ऐकले नव्हते.

त्यानंतर गंमत झाली. गोरखने पांढरा घोडा सोडला आणि चपला हातात घेऊन माझ्यापाशी आला. त्याच्यामागे बदनापूरची दोन पोरे आली, त्यांच्यामागे आणखी. सगळी अनवाणी. एकेक येई, कानात विचारी, थोडा थांबे आणि बसे. उतरल्यावर माझ्या कपाळाकडे बोट दाखवून पुढच्याला नियम समजावून सांगे. पांढरा घोडा सबंध दुपार रिकामा फिरला. मी त्याला काही बोललो नाही. फार हसू येत होते, एवढेच.

दिवस कलल्यावर जीप निघून गेली. आपण काय करून गेलो ते बायनाबाईला अजूनही ठाऊक नसेल.

सोमवारी सकाळी संपत पाना घेऊन माझ्यापाशी आला. वाकला, बोल्टला पाना लावणार तोच त्याची नजर वर गेली. माझ्या कपाळावरचा भंडारा तसाच होता. संपतने पाना फळीवर ठेवला. मग मालक आले आणि अजून खोलले कसे नाही म्हणून विचारू लागले.

"भंडारा लागलाय त्याला, मालक," संपत म्हणाला. "देवाचं लेनं लावलेल्याला म्या पाना कसा लावू? माझ्या हातून व्हायचं न्हाई. तुमी खोला."

मालकांनी पाना हातात घेतला. माझ्याकडे पाहिले, शिंगांवर उमटलेल्या पिवळ्या बोटांच्या खुणांकडे पाहिले, पाना या हातातून त्या हातात घेतला. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "डायनासोर फाटकापाशी उभा कर. फोटो तरी काढतील लोक."

तेव्हापासून डायनासोर फाटकाशी दात दाखवत उभा आहे आणि मी माझ्या जागी आहे. भंडारा पावसात धुऊन गेला, पण मुले अजून चपला काढूनच येतात. का काढायच्या ते त्यांना कोणी सांगत नाही. आधीच्या मुलाने काढल्या म्हणून पुढचे काढते.

मित्रांनो, कधी आमच्या बागेत आलात तर अवश्य माझ्यावर बसा. शिंगे धरा, हवे तर ओढा, पाइपची आहेत, तुटायची नाहीत. झोका असो, झाड असो, जिवंत मेंढरू असो, ज्याच्या पाठीवर बसायचे त्याला आधी विचारत जा. आणि विचारल्यावर क्षणभर थांबा. छकुली थांबली होती.