अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं, तरी भानुमतीबाई उन्हाळ्यात रोज अर्थिंगच्या खड्ड्यात बादली रिकामी करायच्या. माती ओली असली तरच मीटरजवळची जुनी पेटी गळता करंट ओळखून वीज तोडते, हे त्यांना पाठ होतं.

आज कूलरला हात लागला अन् त्या फेकल्यागत भिंतीवर आदळल्या. पेटी ढिम्म!

मुलगा मंदार धावत आला. बाईंनी वर पाहिलं. पेटीतून खड्ड्याकडं येणारी तार भिंतीवर अर्ध्यातच संपली होती.

मंदार पांढराफटक पडला. "दिवाळीत रंग देताना... वाईट दिसत होती, म्हणून मीच छाटली."

"मेल्या, उन्हाळाभर मी नुसत्या मातीला पाणी पाजलं!" बाईंनी कूलरकडं बोट दाखवलं. "अन् त्या कूलरपुढं तुझी लेक झोपते रे!"