चाखायला कुणीच नाही

२००६ साली रमजान आणि नवरात्र एकाच आठवड्यात आले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे हायवेवर जी पाळण्या-घसरगुंड्यांची बाग आहे, तिच्या मालकाला खाद्य महोत्सव भरवायची हुक्की आली. मालक अकोल्याचे ओमप्रकाशजी. बायकांच्या गटांचे पंधरा स्टॉल, दुपारी परीक्षण, चार वाजता लोकांसाठी दार उघडणार. ज्या स्टॉलचा पदार्थ पसंत पडेल त्याला बागेतलं स्वयंपाकघर कायमचं चालवायला मिळणार होतं.

बाळापूरच्या आबेदाला त्या स्वयंपाकघरापलीकडे काही दिसत नव्हतं. कापसाचं सगळंच बसलं, तालुक्यातला जिनिंगचा कारखाना बंद पडला, आणि तिथला फिटर म्हणजे तिचा नवरा अब्दुल सत्तार वर्षभर घरी बसला. भिवंडीहून चुलतभावाचा निरोप आला, यंत्रमागावर काम आहे, सगळेच या. रविवारची तिकिटं काढून झाली होती. "तुझं जमलं तर परत करू," एवढंच सत्तार म्हणाला. दहावीतल्या लेकीने, नगमाने, पुस्तकं सुतळीने बांधून ठेवली. ते बांधलेलं गाठोडं पाहिलं आणि आबेदाने रोजा धरूनच महोत्सवात नाव घातलं.

सोबतीला भिंतीपलीकडची इंदूबाई. दोघींनी मिळून पाटोडीचा रस्सा करायचं ठरवलं. बेसनाच्या वड्या आणि वर तर्री आलेला झणझणीत रस्सा, हे दोघींच्याही हातचं खणखणीत नाणं. इंदूबाईंचे नऊ दिवसांचे कडक उपास चालू होते, राजगिऱ्याच्या लाडवावर आणि पाण्यावर. आठ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान शालिकराम सापाच्या विषातून उठले, तेव्हा त्यांनी देवीला नऊ नवरात्रांचा शब्द दिला होता. हे नववं.

एवढ्या मोठ्या पातेल्यापुढे दोघी उपाशी उभ्या, आणि घोटाळा झाला तो तिथेच. आबेदाने उकळी येताच सवयीने मूठभर मीठ टाकलं आणि ती दुपारच्या, जोहरच्या नमाजासाठी मागे गेली. परत आली तर इंदूबाई पातेलं ढवळत होत्या आणि मिठाची पिशवी कठड्यावर उघडी पडलेली.

"बाई, तुमी मीठ टाकलं काय?"

इंदूबाईंचा हात थांबला. "टाकलं वाटते. का नुसती पिशवी उघडली? भाबी, डोकं चालून नाई राहिलं माझं सकाळपासून. तुमी टाकलं होतं?"

आबेदाने तर टाकलंच होतं. एकदा पडलं असेल तर रस्सा सुरेख. दोनदा पडलं असेल तर जनावरही तोंड लावणार नाही. आणि न चाखता पाणी वाढवावं, तर बरोबर असलेला रस्सा अळणी व्हायचा. रमजानमध्ये आबेदाच्या घरी धाकटी लेक चाखून सांगायची, नवरात्रात इंदूबाईंच्या घरी शालिकराम. चाखणारी दोघंही बाळापुरात राहिली होती. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा जात नाही, हे आबेदाला माहीत होतं. पण तोंडाला एवढी कोरड पडली होती की घोट उतरणारच, अशी तिला खात्री होती. आणि यंदाचा एकेक रोजा ती बाळापूर सुटू नये म्हणून धरत होती.

ती पळी घेऊन रांगेतून धावली. शेजारी शेंदूरजनाघाटच्या माणिकबाई संत्र्याची बर्फी मांडून बसल्या होत्या.

"उपास हाये वो माय."

पुढच्या स्टॉलवर उपास. त्याच्या पुढेही उपास. गेटवरचा वॉचमन तर नऊ दिवस अनवाणी. खाऊ घालायला जमलेली ती अख्खी जत्रा उपाशी होती, आणि एरवी आबेदा पोट धरून हसली असती.

शेवटी पाळण्याखाली अस्वल सापडलं. म्हणजे अस्वलाच्या झुलीतला माणूस, देवीदास, नांदगाव खंडेश्वरचा. चार एकराचा धनी, पण सध्या पोरांशी हात मिळवण्याच्या नोकरीवर. त्याने इकडेतिकडे पाहून मुंडकं काढलं, पळी तोंडाला लावली आणि चाटूनपुसून साफ केली.

"कसं झालं, भाऊ? खारं लागलं काय?"

"झक्कास! अजून हाये काय? सकाळपासून उपाशीच हावो मी."

आबेदाने कपाळाला हात लावला. भुकेल्या माणसाच्या जिभेवर काय भरवसा ठेवायचा? त्याने चिखलही झक्कास म्हणून खाल्ला असता.

ती परतली तेव्हा ओमप्रकाशजी चार स्टॉलच्या अंतरावर येऊन ठेपले होते, एकटेच. चाखायला बोलावलेल्या अमरावतीच्या प्राध्यापिका बाई सातव्या स्टॉलच्या ठेच्याने बेजार होऊन ऑफिसात पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या, आणि ओमप्रकाशजींचे स्वतःचे नवरात्राचे उपास. तेव्हा ते नुसते पदार्थाकडे पाहत आणि बाईला म्हणत, "तुम्ही खाऊन दाखवा."

क्षणभर आबेदाला हायसं वाटलं. हा माणूस चाखणार नाही! पण मग तिने ऐकलं, माणिकबाई हात जोडून उपास आहे म्हणाल्या आणि ओमप्रकाशजी भडकले. "सगळ्यांचेच उपास? रांधणारी स्वतः खात नसेल तर लोकांना कोणत्या तोंडाने वाढणार? जी खाईल तिला देतो मी स्वयंपाकघर."

ओमप्रकाशजी समोर आले, त्यांनी तर्रीकडे पाहिलं, वास घेतला.

"वास तर छान आहे. खा."

आबेदाने वाटी भरली. नगमाचं सुतळी बांधलेलं गाठोडं तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एक रोजा. त्याची भरपाई नंतर करता येते, असं ती मनाला समजावत होती, आणि मन काही समजत नव्हतं. अख्ख्या जन्मात तिने एकही रोजा जाणूनबुजून मोडला नव्हता. तिने वाटी ओठांपर्यंत नेली.

वाटी हातातून गेली. इंदूबाईंनी ती घेतली, तोंडाला लावली आणि तीन घोटांत रिकामी केली. मग बोटाने पाटोडी उचलून तीही खाल्ली, सावकाश, चावून. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"कसं आहे?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

"घरच्यासारखं," इंदूबाई म्हणाल्या. "अजून एक वाटी घेऊ काय?"

ते मोकळेपणी हसले. वहीत बाळापूरचं नाव लिहिलं, एक तारखेपासून या म्हणाले आणि निघून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत इंदूबाई ताठ उभ्या होत्या. मग कनातीमागे जाऊन मटक्यावर वाकल्या आणि दोन तांबे पाणी एका दमात प्यायल्या.

"भाबी, मीठ डबल पडलं हो. जीभ सोलून निघाली माझी. पाणी वाढवा, बेसन लावा थोडं, चार वाजता गर्दी येईन."

आबेदा हसली आणि त्याच दमात रडायला लागली. सत्तारला फोन करायचा होता, तिकिटं परत कर म्हणून सांगायचं होतं. शुक्रिया हा शब्द या बाईपुढे अगदीच तोकडा होता. तिने पातेल्यात पाणी ओतलं, बेसन कालवून लावलं, आच वाढवली. मागे वळून पाहिलं तर इंदूबाई कनातीच्या बांबूला टेकून खाली बसल्या होत्या. ओठ रश्शाने लाल झालेले, नजर कुठेच नाही.

"शालिकरामभाऊले फोन लावू काय?" आबेदाने विचारलं.

"नोको. काय सांगू त्याईले?" इंदूबाईंनी पदराने ओठ पुसले. "नऊतलं शेवटचं होतं, भाबी. देवी माझ्यावर रागवली तर रागवो. पण त्याईच्यावर नाई ना रागवणार?"

आबेदा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नाई रागवत," ती म्हणाली, आणि हे आपण कोणाच्या भरवशावर बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही.