आबांचं पान

येरमाळ्याहून येडेश्वरीचं दर्शन घेऊन परत निघताना बलभीम आबा हरवले, त्याच्या क्षणभर आधी त्यांचा हात मुलाच्या, युवराजच्या हातात होता. फोन वाजला म्हणून युवराजनं हात सोडला, दोन शब्द बोलला आणि वळून बघतो तर आबांच्या जागी भलतीच बाई पिशवी सावरत उभी. स्टँड धुंडाळला, मंदिराच्या पायऱ्या धुंडाळल्या, हॉटेलं झाली, पोलिसांत तक्रार दिली. आबा नव्हते.

आबांना विसर पडायला लागून दोनेक वर्षं झाली होती. मुरुमच्या स्वतःच्या घरात बसलेले असले तरी मधूनच उठायचे आणि "चला, घरी जाऊ" म्हणायचे. कुणीतरी त्यांना बांधापर्यंत फिरवून आणायचं, मग घर आलं असं वाटून ते निवांत बसायचे. आता त्यांना फिरवून आणणारं सोबत कुणी नव्हतं.

त्यांची धाकटी लेक शिवांजली सासरी उमरग्याला असायची. तिथल्या एका लॅबमध्ये ती रिपोर्ट टाईप करायची. बातमी कळताच रजा टाकून, लॅबमधला जुना लॅपटॉप मागून घेऊन ती मुरुमला आली. युवराज घरात टिकतच नव्हता. सकाळी मोटारसायकल काढायचा, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग करून तोंड सुकवून परत यायचा. आई, कस्तुराबाई, ओसरीवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकायची आणि आवाज पुढं निघून गेला की मान खाली घालायची.

युवराजच्या मित्रानं आबांच्या फोटोचा मेसेज तयार करून सगळीकडं पाठवला होता. जिल्हाभर फिरला तो. मग मावशीचा फोन आला. "शिवे, त्या मेसेजमधल्या नंबरवर कुणी भलताच माणूस बोलायलाय गं. मलाच शिव्या घातल्या त्यानं."

शिवांजलीनं मेसेज पुन्हा वाचला. एक आकडा चुकला होता. मित्रानं घाईघाईनं दुरुस्त मेसेज सोडला, पण जुना थांबेना. ज्या गटात नवा पोचायचा तिथं तासाभरानं कुणीतरी जुनाच टाकायचा, वर हात जोडलेली चित्रं लावून. तिला बसवेना. आबांना कुणी बघितलंही असेल, फोनही लावला असेल, आणि तो कुठल्या तरी वैतागलेल्या माणसाच्या बंद फोनवर जाऊन पडला असेल.

एकच जागा पाहिजे, तिला वाटलं. पत्ता एकच. चूक झाली तर तिथं जाऊन आपल्या हातानं पुसता येईल, नवं कळलं तर लिहिता येईल. लॅबचं वेबपेज तिनं रोज बघितलं होतं, पण ते पुण्याच्या कुणीतरी करून दिलेलं. स्वतः तिनं कधी काही केलं नव्हतं. 'कोड न लिहिता वेबपेज, मोफत' असं तिनं शोधलं. पान बनवून देणाऱ्या एडिटरांची रांगच लागली. सगळेच मोफत होते, सगळेच सोपे होते, सगळेच नवशिक्यांसाठी होते. त्यातला सगळ्यात वर आलेला तिनं उघडला.

तो फार देखणा होता. माउसनं धरायचं, ओढायचं, ठेवायचं. तयार नमुन्यांत एका केकच्या दुकानाचं पान होतं, केक काढून तिथं आबांचा फोटो ठेवला. खाली फुलं होती, ती काही केल्या जाईनात. फुलांवर क्लिक केलं की फोटोच सरकायचा. ती त्या फुलांशी झटत असतानाच युवराज जेवायला आला. ताट हातात घेऊन तो तिच्या मागं उभा राहिला.

"काय करायलीस?"

"आबांचं पान करायलेय. नेटवर."

"लग्नपत्रिका छापायलीस जणू. फुलं कशाला?"

"निघंनात, दादा. काढायलेय."

"मी उन्हातान्हात फिरायलोय आन तू सावलीत बसून फुलं डकवायलीस."

सकाळपासून ती पाण्याचा घोटसुद्धा न घेता बसली होती. तोंडातून निघून गेलं, "आबांचा हात माझ्या हातात न्हवता, दादा."

युवराजनं अर्धी भाकरी ताटात ठेवली, ताटातच हात धुतला आणि निघून गेला. ओसरीवरून आई म्हणाली, "आत्ताच तर आलता." शिवांजलीनं स्क्रीनवरची नजर काढली नाही. तिला समोरची अक्षरंही धड दिसत नव्हती.

फुलं शेवटी गेली. पान झालं, नंबर तीनदा ताडून पाहिला आणि तिनं पब्लिशचं बटण दाबलं. समोर डेबिट कार्डाचा नंबर मागणारी चौकट आली. पान बनवणं मोफत होतं, लोकांना दाखवणं मोफत नव्हतं. अर्धा दिवस त्यात गेला.

दुसऱ्या एडिटरनं कार्ड मागितलं नाही. पान नेटवर चढलं, पत्ताही मिळाला. तिनं लगेच आईच्या मोबाईलवर उघडलं. आबा दिसले, नाव दिसलं, आणि फोन नंबरच्या नेमक्या जागी त्या कंपनीची जाहिरातीची पट्टी चिकटून बसली होती. नंबर वर घेतला तर फोटो अर्धा कापला गेला. लॅपटॉपवर सगळं झकास होतं. पण हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कोण लॅपटॉप उघडून बसतंय?

तिसरा डाउनलोड करावा लागला. त्याची गंमत अशी की जाहिरात नाही, कार्ड नाही, पान मनासारखं झालं, आणि ते लॅपटॉपच्या आतच राहिलं. नेटवर चढवायला वेगळी जागा घ्यायची, त्या जागेसाठी नाव विकत घ्यायचं, मग इथून तिथं फाईल पाठवायची, असं त्यात लिहिलं होतं. तिनं झाकण लावलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली. डोकं नुसतं भणभणत होतं. पुन्हा आत आली, पुन्हा बाहेर गेली. आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतोय, हे तिला तिथं अंगणात कळलं. पान सुंदर झाल्यावर शेवटी पब्लिश करून बघायचं, ही चूक होती.

मग तिनं उलटं केलं. चौथा एडिटर तिच्या ईमेलच्या खात्यासोबतच मिळत होता. दिसायला साधा, नमुने थोडे, रंग बेताचे. तिनं फोटो लावला नाही, काही सजवलं नाही. 'आबा' एवढा एकच शब्द लिहिला आणि पब्लिश केलं. कार्ड नाही मागितलं. आईच्या मोबाईलवर उघडलं, शब्द दिसला, त्याच्यावर कुठली पट्टी नाही. लॅपटॉपवर तो शब्द बदलून 'बलभीम आबा' केला आणि मोबाईलवर पुन्हा बघितलं. बदलला होता. तिला एवढंच पाहिजे होतं. बाकीचं पान त्यानंतर झरझर झालं: फोटो, नंबर, अंगात काय होतं, शेवटचे कुठं दिसले. नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागेल असंही करता आलं.

शेजारचे सिद्रामप्पा काका चौकशीला आले होते. त्यांच्या घरात बोलणं कानडीत चालायचं. पान बघून ते म्हणाले, "मराठीतच लिव्हलंस व्हय? आबा वाट चुकून सीमेपलीकडं गेले असले तर? तिकडं कोण वाचणार हे?"

"कानडी मला येत न्हाय, काका. लिहिता तर अजिबात न्हाय."

"मला तरी कुठं टाईप करता येतंय? बोलतो की."

त्यांनी तिचा मोबाईल तोंडाजवळ धरला आणि गावसभेत बोलावं तसं मोठ्यानं कानडीत बोलले. मोबाईलनं ते लिहून घेतलं. मग नातवाकडून आपला चष्मा मागवून काकांनी एकेक ओळ तपासली, दोन ठिकाणी पुन्हा बोलले. "आबांना अज्जा म्हणलंय, म्हणजे आजोबा," ते म्हणाले. "सगळ्यांस्नी कळतं." ती अक्षरं शिवांजलीनं नंबरच्या वर ठेवली आणि पत्ता सगळ्या गटांत सोडला.

फोन यायला लागले. बहुतेक नुसती चौकशी. लातूरचा एक म्हातारा निघाला, तो आबा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी युवराजचा फोन आला. भांडणानंतर तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"उमरग्यात हाय. हायवेच्या टपरीवाल्यानं ओळखलं आबांना. घरी जायचं म्हणत होते म्हणं. फेटा न्हवता डोक्याला. थंडी वाजायली म्हणून एका ट्रकवाल्यानं निळा स्वेटर दिला. मग हैदराबादच्या दिशेनं चालत गेले."

घराच्या इतक्या जवळ येऊन ते पुढं निघून गेले होते. तिनं ते बोलून दाखवलं नाही.

"निळा कसला, दादा? गडद का फिका?"

"गडद. कोपरावर फाटलेला. शिवे, त्या पानावर फेटा लिव्हलास न्हवं?"

"बदलायलेय."

तो लाईनवर थांबला. तिनं फेटा पुसला, स्वेटर लिहिला, काकांना हाक मारून कानडीतही बोलून घेतलं. "झालं," ती म्हणाली. "बघ आता."

थोडा वेळ तिकडून नुसता ट्रकांचा आवाज येत राहिला. मग युवराज म्हणाला, "दिसलं."

संध्याकाळी हुमनाबादच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. बाई भरभर कानडी बोलत होती. शिवांजलीनं पळत जाऊन मोबाईल काकांच्या हातात दिला. काका ऐकत होते, मान हलवत होते, आणि तिला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तोंडाजवळून मोबाईल बाजूला केला. "मठात जेवायला येतेत म्हणं एक अज्जा. कोपराला फाटलेला निळा स्वेटर. नाव इचारलं की घरी चला म्हणतेत."

कस्तुराबाई ओसरीवरून उठली आणि पुन्हा बसली.

युवराज उमरग्याहून तसाच पुढं गेला, काका भाड्याची गाडी करून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात उतरले. वाळलेले, तळपायांना भेगा, तो स्वेटर अंगात तसाच. कस्तुराबाईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला तेव्हा ते म्हणाले, "लई लांब राहता तुम्ही."

लोक येऊन गेले. फोन मात्र वाजतच राहिला, तेव्हा शिवांजलीनं लॅपटॉप उघडून पानावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आबा घरी आले.' खालचा फोटो, नंबर काढून टाकायला तिनं हात पुढं केला तर युवराज शेजारी येऊन बसला.

"राहू दे ते," तो म्हणाला.

"आता कशाला?"

"राहू दे. नुसतं झाकून ठेव, काढू नको." मग खिशातून मोबाईल काढून म्हणाला, "माझ्या मोबाईलवरून बदलता येईल का? तू उमरग्याला गेल्यावर?"

"येतंय की. बघ."

तिनं त्याला दाखवलं. त्यानं एका बोटानं 'आले' खोडून 'आले आहेत' केलं, सेव्ह केलं, तिच्या मोबाईलवर दिसतंय का ते पाहिलं. "त्या दिवशी मी बोलले ते..." ती म्हणाली. तो स्क्रीनकडं बघतच म्हणाला, "खरंच होतं ते."

तेवढ्यात आबा खाटेवरून उठले. चपला न घालताच फाटकाकडं निघाले. दोघांनी एकदमच मान वर केली. युवराजनं मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला आणि लांब ढांगा टाकत आबांना गाठलं. अडवलं नाही. त्यांच्या बोटांत बोटं घातली.

"कुठं निघालाव, आबा?"

"घरी."

"चला," युवराज म्हणाला. "मी बी तिकडंच चाललोय."