नऊ गाठी

कॉपी मला वासावरून कळते, असं मी स्टाफरूममध्ये बेधडक सांगायचे. कसब्यातल्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवल्यावर एवढा तोरा चालतो.

त्या शनिवारी सातवीच्या मुलींची चाचणी घेतली. विषय केवल मूल्यांची तुलना, दहा प्रश्न, मध्ये फक्त लहान-मोठ्याचं चिन्ह घालायचं. त्यावरून स्कॉलरशिपच्या वर्गाला मुली निवडायच्या होत्या. पेपर तपासताना सातव्या प्रश्नाशी अडखळले. उणे नऊ आणि उणे चार. सगळ्या वर्गाने, मी काढून ठेवलेल्या उत्तराप्रमाणेच, पहिलं लहान ठरवलं होतं. उलटं चिन्ह फक्त दोघींचं, नीरजाचं आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या शकूचं. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात. चूक सारखी आली, की पाणी कुठेतरी मुरतंय.

त्यात शकूच्या पेपरच्या कडेला पेन्सिलीने बारीक गोळे काढलेले. कुठे पाच, कुठे सात, सातव्या प्रश्नापाशी एकीकडे नऊ, दुसरीकडे चार. म्हणजे खाणाखुणाही होत्या तर! नीरजा प्राध्यापकांची मुलगी, चुरूचुरू बोलणारी. शकू धायरीहून पीएमटीने येणारी, घरी शेती, वर्गात तोंड न उघडणारी. कोणी कोणाचं पाहिलं हे विचारायची मला गरजच वाटली नाही. यादीतून शकूचं नाव खोडलं आणि तिच्या वडिलांना बोलावणं धाडलं.

सोमवारी शकूला घेऊन तिचे वडील सर्जेराव आले. टोपी काढून हातात धरली होती.

"बाई, पोरगी चोरी करनारी न्हाई."

"सगळेच वडील असं म्हणतात." मी पेपर पुढे सरकवला. "सातव्याचं उलटं उत्तर फक्त हिचं आणि शेजारच्या मुलीचं. शकू, हे गोळे कसले? कोणाला खुणा करत होतीस?"

शकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "गोळे न्हाईत बाई. गाठी हायेत. आमच्या हिरीच्या दोराच्या."

मला ती थाप वाटली. सर्जेरावांनी मग नीट सांगितलं. विहिरीत पाणी किती खाली गेलंय ते बघायला त्यांनी एका दोराला हात-हात अंतरावर गाठी मारल्या होत्या. विहिरीचा काठ म्हणजे शून्य. शकू रोज शाळेत यायच्या आधी दोर सोडून गाठी मोजायची. काठापासून वरच्या टाकीची उंचीही त्याच दोराने मोजलेली.

"दोर खाली सोडा न्हाईतर वर ताना," ते म्हणाले, "गाठी तेवढ्याच भरत्यात."

"नऊ गाठींवरचं पानी चार गाठींवरच्या पान्यापेक्षा लांब असतं ना, बाई?" शकूने विचारलं.

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नजर माझ्याच कागदावर गेली. आदल्या आठवड्यात मी वर्गाकडून घोकून घेतलं होतं, ऋण संख्यांत दिसायला मोठी ती लहान. केवल मूल्य म्हणजे चिन्ह सोडून शून्यापासूनचं नुसतं अंतर, पण त्याच तंद्रीत त्याचंही उत्तर तसंच लिहून बसले होते, आणि वर्ग मुकाट्याने माझ्या मागे आला होता. लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "शकूचं नाव यादीत राहील."

सर्जेरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. दारापाशी जाऊन वळले. "दुसऱ्या पोरीचं उत्तर बी ह्येच व्हतं म्हनं. तिच्या वडलांनाबी बलावलं आसंल की?"

"नाही."

लेकीच्या पाठीवर हात ठेवून ते निघून गेले.

पुढच्या तासाला फळ्यावर माझी चूक दुरुस्त केली. वर्गात कुजबुज झाली. मग नीरजाच्या बाकापाशी गेले.

"तुला हे उत्तर कसं आलं गं?"

ती उभी राहिली. "शकूचं बघून, बाई. दहाही."

"मग तिचं नाव खोडलं तेव्हा सांगायचं होतंस ना!"

"सांगणार होते, बाई," ती मान खाली घालून म्हणाली, "पण तुम्ही मला विचारलंच नाहीत."