आधीची

“आधीची ठेवायची, की काढून टाकायची?” दुरुस्तीवाल्याने विचारलं आणि शिंपीणबाईंच्या हातातून पिशवीच निसटली.

तो बापडा लॅपटॉपच्या आतल्या सिस्टिमबद्दल बोलत होता. पण बाईंच्या घरात ‘आधीची’ म्हणजे एकच, नवऱ्याची वारलेली पहिली बायको. लग्न होऊन घरात आल्यापासून सासूबाई, नणंद, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. आधीची फार हसायची, आधीचीच्या हाताला चव होती. भिंतीवरचे फोटो सासूबाईंनी लग्नाआधीच उतरवले होते, पण शब्द कोण उतरवणार? बाईंनी इतकी वर्षं संसार केला, सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर त्यांचं सगळं केलं, तरी त्या आपल्या ‘नंतरची’च राहिल्या.

आणि हा लॅपटॉप आधीचीचा. दर सुट्टीला नवरा तो मांडीवर घेऊन बसायचा आणि बाई खोलीत आल्या की झाकण मिटायचा. आत पत्रं असतील, फोटो असतील, दोघांच्या गुलुगुलु गोष्टी असतील, या विचाराने बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. जिवंत सवत असती तर चार शब्द सुनावता तरी आले असते. शेवटी त्यांनी युक्ती काढली. गिऱ्हाइकांची मापं ठेवायला मला लॅपटॉप हवा, हा फार रखडतो, नवी सिस्टिम टाकून आणते, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो जरा घुटमळला आणि ‘बरं’ म्हणाला. सगळं पुसूनच आणायचं हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

“राहू दिली तर दोघी जागा वाटून घेतील,” दुरुस्तीवाला म्हणाला. “चालू केलं की कुठली हवी ते विचारेल. काढायची तर तिच्यातलं सगळं जाईल बरं का. एकदा बघून घ्या. पासवर्ड काय आहे?”

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बाईंनी पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत मान खाली घातली आणि नवऱ्याला फोन लावला.

“पासवर्ड मला माहीत नाही,” नवरा म्हणाला.

“अहो, दर सुट्टीला उघडता की.”

“उघडत नाही गं. नुसता चालू करतो. तिचं नाव येतं, बारकासा फोटो येतो. त्याच्या पुढे मला कधी जाताच आलं नाही.”

बाईंनी फोन ठेवला. खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पत्रं वाचत असता तर एक वेळ परवडलं असतं. हा माणूस बंद दारापुढे बसत होता आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं. आपल्या दारापुढे असा कोणी बसला असता का? ‘काढून टाका’ हे शब्द अगदी ओठांवर आले. पण मग सुट्टीच्या दिवशी तो कुठे बसेल, हे काही त्यांना सुचेना.

“ठेवा,” त्या म्हणाल्या. “पण चालू केल्यावर वर माझी दिसू दे. आधीची खाली.”

सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने लॅपटॉप चालू केला. दोन ओळी आल्या. त्याने बाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? खालची घ्या,” त्या फणकारल्या.

त्याने खालची घेतली आणि सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली. बाई बसल्या. नाव आलं, फोटो आला. इतकी वर्षं जिच्याशी मनातल्या मनात भांडण मांडलं, ती जेमतेम मुलगी होती. गालावर मुरूम, केस विस्कटलेले. आपले केस पांढरे झाले, हिचा एकही होणार नाही, याचाही बाईंना क्षणभर हेवा वाटला.

“किती लहान होती हो,” त्या म्हणाल्या.

त्याने नुसती मान हलवली. थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप काळी झाली. त्याचा हात पुढे व्हायच्या आत बाईंनीच एक बटण दाबून ती पुन्हा उजळवली.