घाटाला पुरेल एवढा इंटरकूलर

महाडला जुन्या हायवेवर माझं गॅरेज आहे. या बाजूच्या टर्बो गाड्या बहुतेक माझ्याकडेच येतात, आणि त्याचा मला थोडा माज होता हे कबूल करतो.

अंकिता एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर आहे. राहते पोलादपूरला, वडिलांबरोबर. तिची छोटी लाल टर्बो पेट्रोल गाडी मीच सेकंडहँड बघून दिली होती. वर्षभरात इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग थोडं वाढवलं, एअर फिल्टर बदलला, सायलेन्सर जरा मोकळा केला. फार काही नाही. रोज कंपनीत जायची गाडी होती ती.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती आली आणि म्हणाली, "दीपेशदादा, सपाटीला उडते ही. पण आंबेनळी घाट अर्धा चढला की हिचा जीव जातो. पेडल दाबलं तरी नुसती कण्हते."

कारण मला लगेच कळलं. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, त्यातलाच प्रकार. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि दाबलेली हवा तापते. ती निववायला बंपरच्या आत रेडिएटरसारखी एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. हवा निवली नाही, तर इंजिन जपायला कॉम्प्युटर आपणहून ताकद कमी करतो. ताकद आम्ही वाढवली होती, इंटरकूलर मात्र मूळचाच राहिला होता.

"मोठा टाकू," मी म्हणालो आणि आतून खोकं घेऊन आलो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने मागवलेला इंटरकूलर होता तो. त्याने मध्येच गाडी विकली आणि माल माझ्याकडे राहिला. अख्ख्या बंपरच्या रुंदीचा, चकचकीत. दोन महिने मी तो कधी एखाद्या गाडीला बसवतोय याची वाट बघत होतो.

अंकिताने बोटाने त्याच्या पट्ट्या चाचपल्या. "देखणा आहे. पण आधी मोजूया."

"काय मोजायचं त्यात? मोठा तो मोठा."

"कंपनीत मी दिवसभर हेच बघते, दादा. गरम द्रव एकीकडून, थंड पाणी दुसरीकडून. एक्स्चेंजर मोठा घेतला म्हणून काम झालंच असं नसतं."

तिच्या अटी साध्या होत्या. रस्ता तोच, वेळ सकाळी दहाची, गाडीत माणसं तीनच. ती चालवणार, मी मागे बसून इंजिनाचा आवाज ऐकणार आणि तिचे वडील आकडे लिहिणार. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसेल असं एक छोटं यंत्र मी डॅशबोर्डखाली जोडून दिलं.

तिच्या वडिलांना, भागोजीकाकांना, मी त्या रविवारी पहिल्यांदा भेटलो. साठी उलटलेला, काटक माणूस. तीस वर्षं मुंबईत पाण्याचा टँकर चालवून गावी परतलेले. मूळची वाडी घाटाच्या अंगालाच. वही मांडीवर, पेन कानावर, आणि चेहऱ्यावर पोरीच्या खुळाला साथ देणाऱ्या बापाचा भाव.

"कुठं कुठं लिवू?" त्यांनी विचारलं.

"दर दोन किलोमीटरला लिहा," मी म्हणालो.

"किलोमीटर नको. मी वळणावर लिवतो. वळणं मला ठावं हायत."

आणि खरंच, प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे नाव होतं. झऱ्याचं वळण, दोन आंब्यांचं वळण, सोनबाचं वळण. लहानपणी करवंदांच्या पाट्या डोक्यावर घेऊन ते याच घाटाने महाबळेश्वरला चालत जायचे. सोनबा त्यांचा सोबती. एकदा त्याची पाटी एका वळणावर उलटली आणि तो तिथेच बसून निम्मी करवंदं खाऊन मोकळा झाला.

"मंग वर जाऊन काय विकलंन?" अंकिताने विचारलं. वडिलांशी बोलताना तिची भाषा आपोआप गावची व्हायची.

"माझ्यातली अर्धी. त्याचा जीव मोठा, माझा आणखी मोठा," काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

पहिल्या फेरीचे आकडे वाईट आले. पायथ्याशी चव्वेचाळीस, झऱ्याच्या वळणाला एकोणसाठ, सोनबाच्या वळणाला चौऱ्याहत्तर. तिथून पुढे गाडी खरंच कण्हायला लागली.

आठवडाभरात मी तो मोठा इंटरकूलर बसवला. बंपर कापायला अंकिताने साफ नकार दिला होता, म्हणून आतले आधार हलवले, रेडिएटरच्या अगदी पुढ्यात तो टांगला, लांब पाइप फिरवले. दोन रात्री झोपेतही मला पाइपच दिसत होते. रविवारी महाडहून पोलादपूरपर्यंत हायवेला गाडी अशी पळाली की मी मागच्या सीटवर मांडीवर थाप मारली. हवा बेचाळीसच्या वर जाईना.

"बघ! सांगितलं होतं ना?"

"घाट चढू दे, दादा," अंकिता म्हणाली.

घाटात पहिल्याच वळणाला मला काहीतरी खटकलं. वळण संपल्यावर अंकिता पेडल दाबायची, क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग गाडी एकदम उसळायची. काकांनी वहीतून मान वर केली.

"ही आधी इच्यार करते गो, मग चालते."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. एवढे लांब पाइप आणि एवढी मोठी जाळी भरेपर्यंत टर्बोची हवा वाटेतच रेंगाळत होती. घाटात तर दर मिनिटाला वळण.

पुढे दोन आंब्यांच्या वळणाला एक टेम्पो आडवा बंद पडलेला होता. मागे रांग लागली. दहा पावलं पुढे, पुन्हा थांबा. ऊन चढलेलं. पंधरा मिनिटांनी अंकिता हळूच म्हणाली, "दादा, इंजिनाचा काटा वर चाललाय."

मी पुढे वाकून बघितलं. रेडिएटरच्या तोंडावर मीच भिंत उभी केली होती. वेगात असताना ते चालून जात होतं, पण उभ्या गाडीत पंख्याला हवा ओढायला फटच उरली नव्हती. या पोरीचं इंजिन मी घाटात जाळतो की काय!

"एसी बंद. हीटर लाव," काका म्हणाले.

"आबा, बाहेर छत्तीस हाय!"

"लाव सांगतो ना. पुरा सोड. इंजनाची गरमी आपल्या अंगावर घ्यायची. टँकरला शंभरदा केलाय. बोनेटला हात नको लावू."

अंकिताने हीटर पूर्ण सोडला आणि सगळ्या काचा खाली घेतल्या. तोंडावर भट्टीसारखा झोत आला. कडेला जागा मिळताच गाडी तिथे लावली. आम्ही तिघं घामाने निथळत बसलो. काकांनी डोक्याला पंचा गुंडाळला. काटा आधी थबकला, मग खाली यायला लागला. कोण आधी हसलं ते आठवत नाही, पण शेजारच्या जीपमधली माणसं आमच्याकडे वेड्यासारखी बघत होती हे आठवतं.

उतरताना मीच बोललो, "चूक माझी. काढून टाकतो तो उद्या."

"फुकट नाही गेलं, दादा," अंकिता म्हणाली. "आता कळलं ना काय नको ते."

सोमवारी कंपनी सुटल्यावर ती टेप घेऊन आली आणि बंपर उतरवलेल्या गाडीपुढे उकिडवी बसली. मूळच्या इंटरकूलरची जागा एका बाजूला, फॉग लॅम्पच्या मागे. तिने मागची मोकळी जागा मोजली.

"दोन इंच आहेत. तोंडं तीच, पाइप तेच, फक्त जाळी जाड. मिळेल?"

मिळत होता. असा इंटरकूलर पुण्यात एकजण बनवून देतो, पण मी त्याला अर्धवट काम समजायचो. जोडीला अंकिताने मला आणखी एक गोष्ट दाखवली. जुन्या इंटरकूलरच्या भोवती बोट जाईल एवढी फट होती. समोरून आलेली निम्मी हवा जाळीतून न जाता त्या फटीतून निसटत होती. अशा गाड्यांत इतकी वर्षं मी ती फट बघत आलो होतो. डोळ्यांसमोर होती आणि दिसली नव्हती.

"हवेला सोपी वाट दिली की ती तिकडूनच जाणार," ती म्हणाली.

नवा आला, बसवला. भोवतीची फट मी फोमच्या पट्ट्यांनी बुजवली, आतून प्लास्टिकचं एक छोटं नळकांडं करून हवा थेट जाळीवर सोडली. बंपर लावल्यावर बाहेरून काहीच कळत नव्हतं. आधीचा मी असतो तर याचं वाईट वाटलं असतं.

मेच्या पहिल्या रविवारी पुन्हा निघालो. बाहेर छत्तीसच. पायथ्याशी शेहेचाळीस. झऱ्याच्या वळणाला बावन्न. गाडी वळणातून अशी निघत होती की जणू पेडल आणि चाक यांच्यामध्ये कुणी उभंच नाही. सोनबाच्या वळणाला काकांनी आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"पंचावन."

"हायवेला मोठा बरा होता," मी म्हणालो. उगाच, थोडं स्वतःचंच मन राखायला.

"होताच," अंकिता म्हणाली. "मी हायवेला राहत असते तर तोच ठेवला असता."

घाटातल्या कुंभरोशीला आम्ही चहाला थांबलो. काका चहा पिता पिता गाडीभोवती एक चक्कर मारून आले, टायरला पाय लावून बघितला. मग त्यांनी अंकितापुढे हात केला. तिला आधी कळलंच नाही.

"चावी दे गो. गावी आल्यापास्नं हातात स्टेरिंग नाय."

ती माझ्याकडे बघायला लागली, मी खांदे उडवले. काका बसले. सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे आपल्या नजरेला लावले, पट्टा बांधला आणि गाडी एवढ्या अलगद रस्त्यावर घेतली की हातातल्या कागदी ग्लासातला माझा उरलेला चहा हललासुद्धा नाही. पहिल्या चढाला जपून, दुसऱ्याला जरा मोकळं. तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना त्यांनी पेडल खरोखर दाबलं आणि आम्ही दोघं सीटला चिकटलो.

"आबा!" अंकिता ओरडली.

"आकडा वाच तू," काका म्हणाले. "मला सांगत ऱ्हा."

"त्रेपन्न," ती म्हणाली. "चोपन्न. अजून चोपन्नच हाय, आबा."