रंगाच्या डब्यांतल्या मिरच्या

रंगारी हॉस्पिटलच्या वॉर्डात पडून होता आणि इकडे गच्चीवर त्याच्या मिरच्या लाल होत होत्या. रंगाचे रिकामे डबे टाकायचे नाहीत, ही त्याची जुनी खोड. यंदा त्या डब्यांत त्यानं चाळीस रोपं लावली आणि चाळीसच्या चाळीस जगली. जिभेचं ऑपरेशन झाल्यापासून त्याची वाचा गेली होती आणि तिखटाचा तर विषयच संपला होता. तरी तो रोज पाटीवर लिहायचा, ‘किती निघाल्या?’ आणि त्याखाली, ‘एकही वाया घालवू नकोस.’

आजारी माणसाचा शब्द, तोही आयुष्यभर फारसं काही न मागणाऱ्या माणसाचा. बायकोनं तो मनावर घेतला. तिनं मिरच्या वाळवल्या, कुटल्या, व्हिनेगरमध्ये बुडवल्या, शिजवून बाटल्या भरल्या. मग उरलेल्या वाटायला निघाली. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं. तिसऱ्या आठवड्यात तिची पिशवी जिन्यात दिसली की दारं आतून लागायला लागली. ‘आमचे तिखटराव कसे आहेत?’ एवढं मात्र दाराआडून न चुकता विचारलं जायचं. अति तिथे माती म्हणतात, पण मिरच्यांना कोण सांगणार? त्या आपल्या येतच होत्या.

डॉक्टरांनी एकच अट घातली होती. त्यानं रोज निदान अर्धी वाटी तोंडानं घेतली तर पुढच्या आठवड्यात घरी, नाहीतर नाकातून नळी. ‘नळी नको’ असं त्यानं पाटीवर इतकं दाबून लिहिलं होतं की खडू मोडला. तोंडभर फोड होते. खाताना आपलं ओघळतं तोंड परक्यानं बघू नये म्हणून तो फक्त बायकोच्या हातून खायचा. नर्स आधी फोडांवर बधिर करणारं औषध लावायची आणि बाजूला व्हायची. मग ही चमच्यानं कोमट सूप भरवायची. तासभर लागायचा. त्या तासासाठीच ती उरलेला दिवस ढकलायची.

मिरचीचा जाळ नुसत्या पाण्यानं जात नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण, मग पुन्हा तेल. हातावरचा रंग काढायची त्याची हीच रीत होती आणि त्यानंच ती तिला शिकवली होती. त्या मंगळवारी हातमोजा फाटला. टोपलीभर मिरच्या अजून चिरायच्या राहिल्या होत्या, आज ठेवल्या असत्या तर उद्या सडल्या असत्या. तिनं उघड्या हातांनी चिरल्या. घड्याळाकडे बघते तो भेटीची वेळ होत आलेली. साबणानं दोनदा खसाखसा हात धुतले आणि ती पळत सुटली. तेल राहिलं.

नर्सनं औषध लावलं, ती गेली. तीन चमचे नीट गेले. चौथा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला आणि तिनं रोजच्या सवयीनं तो बोटानं आत सारला.

त्याला ओरडताही येईना. तो नुसता गादीवर वाकडातिकडा होत राहिला, डोळ्यांतून धारा. शांत व्हायला बराच वेळ गेला. मग त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘काय होतं?’

तिला तोवर सगळं कळलं होतं. खरं सांगितलं तर हा उद्यापासून माझ्या हातून खाणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

“नर्सनं औषध बदललंय वाटतं,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तिच्यावर अविश्वास दाखवायचं त्याला काही कारणच नव्हतं.

त्या रात्रीपासून नर्स औषध घेऊन आली की तो दात आवळून घ्यायचा. औषधाशिवाय फोड ठणकत राहिले. बायको हात धुऊन धुऊन कातडी सोलायची वेळ आणायची आणि मग भरवायला बसायची. तो बिचारा तिच्यासाठी तोंड उघडायचा, पण एका घोटाला मरणयातना. बुधवारी दोन चमचे गेले, गुरुवारी एकही नाही. पेशंट तुझ्या हातून औषध का लावून घेत नाही, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी नर्सला सगळ्यांसमोर झापलं आणि उद्या सकाळी नळी घालायचं ठरवलं. नर्स कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. खाई त्याला खवखवे. हिला तिच्याकडे बघवेना आणि नवऱ्याकडे तर त्याहून बघवेना.

डॉक्टर गेल्यावर बायको खाटेच्या कडेला बसली.

“औषधात काही नव्हतं,” ती म्हणाली. “माझे हात होते. मिरच्या चिरून तशीच आले होते, तेल लावलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोलले तुमच्याशी.”

तो रागावेल, कदाचित हसेलही, असं तिला वाटलं होतं. मिरच्या त्याच्याच, रीत त्याचीच, कधीतरी तो हे माफ करील. त्यानं पाटी पुसली. मग दोनच शब्द लिहिले.

‘दोन दिवस?’

“दोन दिवस,” ती म्हणाली.

त्यानं हात उचलला आणि कोपऱ्यातल्या नर्सला खूण केली. ती घाबरत जवळ आली. त्यानं तिच्यापुढे तोंड उघडलं, दोन दिवसांत पहिल्यांदाच. औषध लागलं. थोड्या वेळानं बायकोनं सवयीनं सुपाची वाटी उचलली, तर त्यानं मान भिंतीकडे वळवली. वाटी नर्सच्या हाती गेली तेव्हा कुठे मान परत आली. परक्याच्या हातून त्यानं पहिल्यांदाच खाल्लं, सहा चमचे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. नळी टळली.

सोमवारी डॉक्टर म्हणाले की घरी न्यायला हरकत नाही. घरी भरवणार कोण, हे त्यांनी फॉर्म भरता भरता विचारलं. बायकोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच पाटीवर खडू वाजला. त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहायची, पासष्टीची, गुडघ्यांनी बेजार. ‘ताईला बोलव,’ त्यानं लिहिलं होतं आणि पाटी डॉक्टरांकडे नाही, बायकोकडे धरली होती.

“बरं,” ती म्हणाली. “वन्संना आजच फोन करते.”